डोक्यावर बुडबुडा असेल तर

"माझी काही तक्रार नाही" हे सांगायला कोतवालाकडे आयुष्यात कुणी आलं नव्हतं.

सकाळी दहा ते पाच तो पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रारीच्या खिडकीमागे बसायचा. नळाला पाणी नाही. पाणी आहे पण गढूळ आहे. शेजाऱ्याकडे येतं, आमच्याकडे येत नाही. अशी तेवीस वर्षं. घरी आल्यावर तोंडावर पाणी मारून सहाला तो पुन्हा बसायचा, बुटांच्या कपाटावर ठेवलेल्या एका जुन्या संगणकाशेजारी घडीचं टेबल मांडून, आणि नऊपर्यंत दुसऱ्या तक्रारी ऐकायचा. अमक्याने पाठीत गोळी घातली. तमका भिंतीपलीकडचं बघतोय, नक्की लबाडी करतोय.

"दिवसा नळाच्या, संध्याकाळी बंदुकीच्या," बायको म्हणायची. "माझ्या तक्रारीची वेळ कोणती, तेवढी पाटी लावा दारावर."

कोतवाल हे त्याचं खेळातलं नाव. ऑफिसात त्याला तक्रारसाहेब म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं, कारण बायकोही 'अहो'वरच भागवायची.

या भानगडीत त्याला ओढलं मेहुण्याने. अकरा वर्षांपूर्वी मेहुणा चार महिने राहायला आला, येताना हा संगणक घेऊन आला, आणि दूरची नोकरी लागल्यावर तो इथेच ठेवून निघून गेला. "भाऊजी, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त बटण चालू ठेवायचं. आणि कुणी भांडलं तर फक्त मिटवायचं." मेहुणे लोकांना 'फक्त' हा शब्द फार आवडतो. चार महिन्यांत कोतवालालाही खेळाची गोडी लागली होती, हेही खरं. मेहुणा गेल्यावर गोडी हळूहळू उतरली आणि मिटवणं तेवढं राहिलं.

खेळ साधाच. एक पडकं बंदर, दोन टोळ्या, हातात बंदुका आणि मधे एक अरुंद पूल. खेळणारे आपापल्या घरी बसलेले असतात, पण खेळ घडतो तो कुठल्यातरी एका संगणकावर; त्याला सर्व्हर म्हणायचं. खेळ बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे शेकडो सर्व्हर होते. तिथे कुणीही जावं. मशीन तुम्हाला कुठल्याही अनोळखी माणसांत ढकलणार, डाव संपला की पुन्हा दुसऱ्या अनोळखी माणसांत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कुणी लबाडी केली तर तक्रारीचं बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर 'आपले आभार' असं यायचं, आणि त्या तक्रारीचं पुढे काय व्हायचं ते देव जाणे. कोतवालाकडची मंडळी त्या सर्व्हरांना 'सरकारी' म्हणायची. कोतवालाला ते मनातून लागायचं. तो बोलायचा मात्र नाही, कारण ते खोटंही नव्हतं.

त्याचा सर्व्हर खाजगी. एका वेळी सोळा माणसं मावणार, त्यातली बारा रोजची. आणि तिथे एक नियम होता जो सरकारी सर्व्हरवर कुणाला सांगितला असता तर लोक हसले असते.

खेळताना कुणी काही लिहायला लागलं की त्याच्या बाहुल्याच्या डोक्यावर एक पांढरा बुडबुडा यायचा. लिहिणारा माणूस हलू शकत नाही, बंदूक चालवू शकत नाही. म्हणजे आयतं सावज. नियम असा, की बुडबुडा असेपर्यंत त्याला गोळी घालायची नाही. माणूस बोलतोय, त्याचं बोलणं संपू दे, मग खुशाल मार. हा नियम मावशीने घालून दिला. मावशी म्हणजे एक निवृत्त नर्स, सत्तरीला टेकलेली, नेम असा की समोरच्याला कुठून लागली ते कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तोफखान्याने तिला अर्ध्या वाक्यात आडवं केलं. हा तोफखाना एका बेकरीत भट्टीवर कामाला होता, पहाटे पाव भाजायचा आणि संध्याकाळी डोकं भाजायचा. मावशीने पुन्हा उठून शांतपणे लिहिलं, "बोलणाऱ्याला मधेच मारू नये, एवढंही घरी शिकवलं नाही का?" तोफखान्याने माफी मागितली. तेव्हापासून बुडबुडा म्हणजे बुडबुडा. हां, त्याच्या आड लपायचं मात्र नाही. खोटा बुडबुडा लावून जीव वाचवणाऱ्याला एक महिना बाहेर.

आता बुडबुडा खरा की खोटा हे ठरवायचं कोणी? कोतवालाने. रोज. अकरा वर्षं.

गेल्या दोन वर्षांत त्याने यावर एक यंत्र बसवलं होतं. म्हणजे कल्पना काही त्याची स्वतःची नव्हती. पाणीपुरवठ्याच्या दालनात लोकांनी स्वतः तक्रार लिहावी म्हणून एक मशीन ठेवलं होतं. तीन मिनिटांत तक्रार पाठवली नाही तर जेवढी लिहिली तेवढीच ते आत ओढून घ्यायचं आणि वर शिक्का मारायचं: अपूर्ण. अपूर्ण तक्रारी एका बटणात निकाली निघायच्या. कोतवालाला त्या मशीनचा इतका आराम वाटला, की त्याने सर्व्हरच्या पानावरही तसंच केलं. ज्याला बाहेर काढलंय त्याने दिवसातून एकच अर्ज करायचा, तोही तीन मिनिटांत. एकाने एका संध्याकाळी चाळीस अर्ज पाठवून त्याच्या नाकीनऊ आणले होते, त्यामुळे त्याचं तसं चुकलं असं कुणी म्हणालं नाही.

बायको तेवढी म्हणाली. संगणकाच्या मागून गरम वारा यायचा म्हणून ती तिथे धुतलेले मोजे वाळत टाकायची. ते उचलता उचलता तिने पडद्यावर नजर टाकली. "तुमचा खाजगी सर्व्हर आता सरकारी झालाय हो," ती म्हणाली.

तो दमला होता. झोपून जाईल असला दमलेपणा नव्हता तो. कुणी "ऐका ना" म्हटलं की उठून निघून जावंसं वाटायचं, तसला होता.

म्हणून कंपनीने खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याला हायसं वाटलं. सगळं चकचकीत, जुना बुडबुडा काढून टाकलेला, आणि खेळायचं ते फक्त कंपनीच्याच सर्व्हरवर. जुना खेळ चालवायला कुणाची मनाई नव्हती, पण निमित्त झकास होतं. त्याने पहिल्या पानावर पाटी लावली: तीस तारखेला रात्री नऊला हा सर्व्हर बंद होईल. सर्वांनी नव्या खेळात जावं.

तोफखान्याने कपाळ बडवणाऱ्या माणसाची सात चित्रं टाकली. मावशीच्या डोक्यावर थोडा वेळ बुडबुडा राहिला. मग अक्षरं आली: "दमलास का रे?"

"हो मावशी," त्याने लिहिलं. एवढं सरळ त्याला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं झालं तीन तारखेला. चार तारखेला गोगलगायीविरुद्ध तक्रार आली.

गोगलगाय हा नवा गडी, दोनेक महिन्यांपूर्वी आलेला. खेळायचा सावकाश, पण बरा खेळायचा. बोलायचा जवळजवळ नाहीच. तक्रार अर्थात तोफखान्याची. "हा माणूस पुलाच्या मधोमध बुडबुडा लावून उभा राहतो. आज साडेचार मिनिटं! मी बंदूक खाली करून बावळटासारखा उभा. आणि एवढं करून लिहिलं काय? 'नमस्कार मंडळी.' वर मला गोळी घातली!"

कोतवालाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा. अजून पावणेतीन तास. साडेचार मिनिटांत माणूस अख्खं पत्र लिहितो, हा सरळसरळ लपतोय. बाकीच्यांना विचारायचं असतं, चार दिवस नजर ठेवायची असते, हे त्याने स्वतःच पूर्वी ठरवलेलं होतं. त्याने बटण दाबलं. एक महिना बाहेर. महिना संपण्याआधीच सर्व्हर बंद होणार, म्हणजे हा माणूस कायमचा गेला, एवढा हिशोबही त्याच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोगलगायीचे अर्ज यायला लागले. रोज एक, रोज अर्धवट. एके दिवशी 'हात चालत ना' एवढंच. आणखी एका दिवशी 'येत नाही. एका'. काय वाटेल ते! पोरकटपणा करतोय, म्हणत कोतवाल रोज अपूर्णवर शिक्का मारायचा आणि पुढे जायचा. अकराव्या दिवशी एक अर्ज पूर्ण आला. त्यात दोनच शब्द होते: 'माफ करा.' कोतवालाला जरा बरंसुद्धा वाटलं. कबूल केलं बेट्याने. तोही त्याने निकाली काढला. त्यानंतर अर्ज यायचे थांबले.

सतरा तारखेला ऑफिसात खिडकीशी एक बाई आल्या. चष्म्याला दोरी, हातात घडी घातलेली पिशवी. आवाज चढलेला नव्हता, आणि तक्रारीच्या खिडकीशी ही गोष्ट दुर्मीळच.

"मी चार वेळा येऊन गेले," त्या म्हणाल्या. "लिहीतच होते हो मी. अक्षर शोधेपर्यंत तुमचं मशीन हातातून ओढून घेतं."

"बाई, तीन मिनिटं असतात."

"तीन मिनिटांत माझा नुसता पत्ता होतो."

त्याने त्यांचा नंबर टाकला. चार तक्रारी होत्या. चारही अपूर्ण, चारही निकाली, आणि चारही तक्रारींवर त्याचीच सही. प्रत्येकीत पत्ता व्यवस्थित होता आणि त्यापुढे 'जिन्यात न', 'जिन्यातली न', 'जिन्यातली नळी', 'जिन्यातली नळी फु'. दर वेळी एकेक अक्षर पुढे सरकलेलं. बाईंनी घरी सराव केला असणार.

"जिन्यातली नळी फुटलीय का?" त्याने विचारलं.

"महिना झाला. पाय घसरतो माणसांचा."

त्याने कागद घेतला, हाताने तक्रार लिहिली, शिक्का मारला, बाईंना पावती दिली. सगळं मिळून एक मिनिट लागलं. बाई आभार मानून गेल्या आणि मागचा माणूस पुढे सरकून गढूळ पाण्याबद्दल बोलायला लागला, तरी कोतवाल त्या चार ओळींकडेच बघत बसला होता. अशा पुढे सरकणाऱ्या ओळी त्याने आणखी कुठेतरी पाहिल्या होत्या. कुठे, ते आठवलं तेव्हापासून पाच वाजेपर्यंत तो दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत राहिला.

घरी आल्यावर त्याने तोंडही धुतलं नाही. गोगलगायीचे निकाली अर्ज उघडले. यादीत सगळ्यात नवा अर्ज वर असायचा. त्याने आज पहिल्यांदा खालून वर वाचलं.

मी लपत ना
मी लपत नाही. मा
माझा उजवा हा
हात चालत ना
नाही. बोलता
बोलता पण येत
येत नाही. एका
एका बोटाने लि
लिहितो. वेळ
वेळ लागतो. मा
माफ करा.

पहिल्या दोन दिवसांत त्या माणसाला कळलं होतं, की हे यंत्र आपल्याला पुरं बोलू देणार नाही. मग तो रोज तीन मिनिटांचं बोलला. काल जिथे तोडलं तिथून आज सुरू. अकरा दिवस.

बायको मोजे उचलायला आली. कोतवालाने पडदा तिच्याकडे वळवला. तिने एकेक ओळीवर बोट ठेवत वाचलं.

"शेवटच्यावर तुम्ही काय लिहिलंत?"

"निकाली."

ती मोजे घेऊन आत गेली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. लाज वाटत होती, नुसती लाज. इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता, की तिकडे सरकारीवर मशीन ऐकतं, इथे निदान माणूस ऐकतो.

त्याने बंदी उठवली, तीन मिनिटांची अट काढून टाकली, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गोगलगाय, चूक माझी होती. परत ये. पण बाहेर काढलेला माणूस ते पान कशाला उघडून बघतोय? आणि त्याचा पत्ता ना फोन, काहीच कुणाकडे नव्हतं. मावशीने तेवढं सांगितलं, "तिकडे नव्या खेळात दिसला होता रे मला परवा. उभा होता बिचारा. मी काही लिहीपर्यंत मलाच कुणीतरी उडवलं."

मग कोतवाल गेला सरकारीवर. वय बावन्न, पाठ दुखतेय, आणि हा चकचकीत बंदरात उभा राहून विचारतोय, "इथे गोगलगाय नावाचं कुणी". तेवढ्यात गोळी. पुन्हा उठला. "गोगलगाय कुणी पाहि". गोळी. त्याचे हात भराभर चालायचे, तेवीस वर्षं तक्रारी टाईप केलेले हात, तरी एक वाक्य पुरं होईना. सातव्यांदा मेल्यावर तो एका भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन लिहायला लागला, तर मशीनने त्याला अर्ध्या मिनिटात बाहेर फेकलं. कारण लिहिलं होतं: खेळाडू हालचाल करत नाही. दाद मागायला कुठे जागाच नव्हती. कोतवाल पडद्यासमोर बसून राहिला. रागावावं कुणावर तेही कळेना. त्याने स्वतः काय वेगळं केलं होतं?

दिवस जात होते. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. तो सहाला बसायचा आणि दर नव्या नावाला मान वर करायचा. तोफखान्याला मावशीने सगळं सांगितलं होतं. त्याने चक्क चार दिवस एकही तक्रार केली नाही. आजारी पडलाय की काय, असं कोतवालाला वाटून गेलं. अठ्ठावीस तारखेला तोफखान्याने खाजगीत लिहिलं, "मी त्याला काय काय बोललो होतो तुम्हाला माहीत नाही. तो नुसता ऐकून घ्यायचा." थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं, "मला वाटायचं माज आहे."

तीस तारखेला सगळेच आले. सोळाच्या सोळा जागा भरल्या; सर्व्हरच्या आयुष्यात असं तीन-चारदाच झालं असेल. कोतवालाने निरोपाचा मजकूर दुपारी ऑफिसातच लिहून ठेवला होता. चांगला झाला होता. आभार, आठवणी, सगळं जागच्या जागी. नऊला पाच मिनिटं असताना तो टाकायचा आणि बटण बंद करायचं. उद्या संध्याकाळी सहाला आपण काय करू, याचा विचार त्याने मुद्दाम केला नव्हता.

पावणेआठला एक जण बाहेर पडला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर गोगलगाय आला.

शेवटचा दिवस म्हणून त्याने ते पहिलं पान उघडून पाहिलं असणार. तो सावकाश चालत पुलाच्या मधोमध येऊन उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावर बुडबुडा आला.

सगळ्यात आधी तोफखान्याने बंदूक खाली केली. मग दोन्ही टोळ्यांतली एकेक माणसं आपली आडोशाची जागा सोडून पुलाकडे यायला लागली. मावशी शेवटी आली, छपरावरून खाली उतरून. पंधरा बाहुले पुलावर आणि पुलाच्या टोकांना उभे होते. तीन मिनिटं झाली. पाच झाली. आठ झाली. बायको चहा ठेवून गेली, परत आली, तरी कोतवाल तसाच.

"बंद पडलंय का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "एक माणूस बोलतोय."

तीही तिथेच उभी राहिली. चौदाव्या मिनिटाला बुडबुडा गेला आणि अक्षरं आली.

"घरी माझं वाक्य दुसरेच संपवतात. इथे थांबतात. तुम्ही बंद केल्यावर मी कुठे बोलू?"

कोतवालाने ते वाचलं. बायकोने वाचलं. पुलावर कुणी हललं नाही, कारण आता बुडबुडा कोतवालाच्या डोक्यावर आला होता. निरोपाचा मजकूर तयार होता, टाकायला एक बटण पुरलं असतं. त्याने एक ओळ लिहिली आणि पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. त्याचा थकवा कुठेही गेला नव्हता. मान दुखत होती, उद्या दहा वाजता पुन्हा खिडकी होती, आणि बायकोला दिलेला शब्द होता की तीस तारखेनंतर संध्याकाळ तिची.

"थांबलीत ना सगळी," बायको म्हणाली. "सांगा काय ते."

"अगं, पण तुला मी..."

"दोन दिवस मला द्या. बाकीचे त्यांना."

त्याने लिहिलं, "रविवार आणि सोमवार सुट्टी. बाकी रोज सहाला." आणि पहिल्या पानावरची पाटी काढून टाकली.

त्याचा बुडबुडा गेला. कुणी टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं टाकली, मावशीने नुसतं "बरं" लिहिलं. आणि या सगळ्या गोंधळात गोगलगायीने सावकाश बंदूक उचलली, नेम धरला, आणि समोर बंदूक खाली करून उभ्या असलेल्या तोफखान्याला पुलावरून थेट पाण्यात पाडलं.

मग तोफखान्याच्या डोक्यावर बुडबुडा आला. कोतवालाला माहीत होतं आता काय येणार. त्याने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली.

"कोतवाल, तक्रार आहे."

"सावकाश लिही," कोतवालाने लिहिलं, आणि गार झालेला चहा पुन्हा गरम करायला तो उठला.